नळाची मोड सांगून पितळेच्या भावात जस्त गळ्यात मारलं

घरी छोटी भट्टी लावून पितळ ओतणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण हा माल अजून विकला जातोय आणि विकणारा बोलायला फार गोड आहे. पुण्यात एका भंगारवाल्याकडे बाथरूमच्या जुन्या क्रोमवाल्या नळांची मोड होती. वरचाच एक नळ कापून दाखवला, आत पिवळं धमक. मग पोत्यावर मॅग्नेट फिरवला, "बघा साहेब, कुठे चिकटतोय का? सगळं पितळ." आणि भाव पूर्ण पितळेचा. आता मॅग्नेट चिकटला नाही म्हणजे लोखंड नाही एवढंच कळतं, जस्त, ॲल्युमिनियम, शिसं यांना तो तसाही चिकटत नाही आणि हे त्याला चांगलं माहीत असणार.

खरं पितळ वरच्या थरातच होतं, खाली सगळ्या नळांच्या मुठी आणि शॉवरचे तुकडे, झमॅकचे, म्हणजे जस्तात साधारण 4% ॲल्युमिनियम घालून डायकास्ट केलेले. ते 390 डिग्रीच्या आतच वितळतं, पितळेला 900 च्या वर ताव लागतो, त्यामुळे मूस धड लाल व्हायच्या आधीच तळाला रस जमला. वरचे खरे तुकडे विरघळेपर्यंत जस्त उकळायला लागलं (907 डिग्री) आणि जो पांढरा धूर सुटला ना, अंगणभर कापूस उडाल्यासारखं झालं. रात्री थंडी वाजून ताप. डॉक्टर म्हणाले जस्ताच्या धुराने येतो असा.

उरलेलं पोतं मग नीट तपासलं. कानस हलकी मारून उपयोग नाही, कारण झमॅकवर क्रोमच्या खाली तांब्याचा पातळ थर असतो, लालसर दिसलं की माणूस खूश. खोल खाच पाडा, आत राखाडी-पांढरं निघालं की समजा.

दुसरं म्हणजे किचनचा डिजिटल काटा. त्यावर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करा, तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि जेवढे ग्रॅम वाढतील त्याने तुकड्याच्या वजनाला भागा, येईल ती धातूची घनता. माझ्या 212 ग्रॅमच्या मुठीने 32 ग्रॅम वाढले, म्हणजे 6.6. पितळेची असती तर 25 च्या आसपास वाढले असते, कारण पितळ 8.4 ते 8.7 भरतं. वायसर, स्क्रू आधी काढा, आणि पोकळीत हवा अडकली तर आकडा उगाच कमी येतो. ॲल्युमिनियम 2.7 येतं. 1.8 च्या आसपास काही आलं तर ते मॅग्नेशियम असू शकतं, ते भट्टीजवळसुद्धा नेऊ नका, पेटलं तर पाण्याने आणखी भडकतं. पितळ आणि गनमेटल (तांब्यात कथील घातलेला मिश्रधातू) मात्र या काट्यावर वेगळं ओळखता येत नाही, त्याला एक्सआरएफ मशीनसारखी (क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणारी) तपासणी लागते.

परत गेलो तर म्हणे, "भंगाराला कसली गॅरंटी साहेब?" आता तोच गनमेटल सांगून वितळवलेल्या लगडी विकतोय, आणि लगडीत तर मूळ तुकडा नळाचा होता की मुठीचा हेही दिसत नाही.