महाबळेश्वरचा वीक द्यायचा कुणाला? आरसीआय, इंटरव्हल की फोन करणारे ते "साहेब"

सातारकराने महाबळेश्वरला टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टात दरवर्षी एक आठवडा (यालाच 'वीक' म्हणतात) राहायचा हक्क, घेतला की पुढचं ठरलेलंच असतं, सकाळी निघून रात्री जेवायला घरी येता येतं तिथं आठवडाभर राहायचं कशाला, मग वीक एक्स्चेंजला टाकू, म्हणजे दुसरीकडच्या वीकशी बदलू, नि गोवा नाहीतर थायलंड करू. आणि मग विचारत बसायचं की वीक बदलून देणाऱ्या आरसीआय नि इंटरव्हल या दोन कंपन्यांत भरवशाचं कोण.

आधी एक सांगतो, निवड सगळी आपल्या हातात नसते. तुमचं रिसॉर्ट ज्या कंपनीशी जोडलेलं तिथंच तुमचं खातं निघणार, क्लब महिंद्रावाल्यांचं आरसीआयशी आहे तसं. काही रिसॉर्ट दोन्हीकडे असतात, खरी डोकेफोड तिथंच.

आरसीआय १९७४ ची, इंटरव्हल १९७६ ची, दोन्ही अमेरिकन. म्हणजे उद्या बोर्ड काढून पळतील अशातल्या नाहीत. रिसॉर्टची संख्या आरसीआयकडे जास्त. पण मला संख्येपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे की आपला वीक हातातून कधी जातो.

आरसीआयच्या वीक्स पद्धतीत वीक आधी जमा करायचा, त्याची ट्रेडिंग पॉवर, म्हणजे अदलाबदलीतली किंमत, आकड्यात दिसते, समोरच्या रिसॉर्टला किती लागते तेही दिसतं. हे मला आवडतं, निदान अंधारात सौदा नाही. चेक-इनच्या ९ महिने आधी जमा केला तर पूर्ण पॉवर, उशीर केला की कमी होत जाते. दिवाळीचा किंवा मे महिन्याचा वीक असेल तर मजा आहे, पण जुलैचा असेल तर? महाबळेश्वरच्या जुलैत खिडकीबाहेर धुकं नि पाऊस सोडून काय दिसत नाही, त्या वीकवर कुणी तुम्हाला डिसेंबरातलं गोवा देणार नाही, सेल्सवाला काहीही सांगू दे. कमी पॉवरचे दोन वीक एकत्र करायची सोय आहे, पण त्याचीही वेगळी फी.

इंटरव्हलमध्ये 'रिक्वेस्ट फर्स्ट' म्हणून प्रकार आहे. आधी मागणी टाकायची, कन्फर्म झालं तरच आपला वीक सोडायचा, तोवर तो आपलाच. अट एवढीच की फिरायला जायचं ते आपल्या वीकच्या तारखेच्या आधी. पोरांच्या शाळेच्या सुट्ट्यांवर सगळं अडकलेल्या माणसाला हे बरं पडतं, कारण काहीच मिळालं नाही तर निदान वर जाऊन स्ट्रॉबेरी तरी खाता येते.

खर्चाचं दोन्हीकडे सारखंच समजा. वर्षाची मेंबरशिप, प्रत्येक अदलाबदलीला फी, पाहुण्याच्या नावावर द्यायचा तर गेस्ट सर्टिफिकेटचे वेगळे. शिवाय काही रिसॉर्टला 'ऑल इन्क्लुझिव्ह' जेवण सक्तीचं असतं, माणशी रोजचे पैसे तिथं भरावेच लागतात, ते बुकिंगच्या वेळी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचाच. आपल्या रिसॉर्टचा मेंटेनन्स थकला असेल तर एक्स्चेंज विसरा.

आता तिसरा पर्याय, ज्याला मी पर्याय म्हणणारच नाही. फोन येतो, "सर तुमच्या वीकला कस्टमर तयार आहे, चौपट भाव देतोय, फक्त ट्रान्सफर फी नि जीएसटी आधी भरा." असला फोन माझ्या ओळखीत कित्येकांना आलाय. एक्स्चेंज कंपनी वीक बदलून देते, विकत नाही, आणि खरा गिऱ्हाईक असेल तर फी विक्रीच्या पैशातून वळती करा म्हणावं, लगेच फोन कट होतो. या फोनवाल्यांचे हॉटेलातले कार्यक्रमही तसलेच, नवरा-बायको दोघांनी यायलाच पाहिजे, गिफ्ट मिळेल, आणि सही आजच, घरी जाऊन विचार करतो म्हटलं की चेहरे बदलतात.

माझं मत विचाराल तर वीक जोरातला असेल नि तारखा पक्क्या असतील तर इंटरव्हल, वीक साधा असून तुम्ही कधीही निघू शकणारे असाल, म्हणजे रिटायर वगैरे, तर आरसीआयला लवकर जमा करून ठेवा. आणि दोन्हीच्या आधी त्याच तारखांचे त्याच गावातले हॉटेलचे रेट काढा, मेंटेनन्स अधिक एक्स्चेंज फी त्याच्यावर जात असेल तर अदलाबदल करायची गरजच काय?

कुणी फसवलंच तर मुंबईला खेटे घालायला लागत नाहीत. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे साताऱ्यातच तक्रार करता येते, भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावून बघा. पावत्या आणि ईमेल मात्र जपून ठेवा, तोंडी दिलेल्या शब्दाला तिथं कुणी विचारत नाही.