गॅमा वर्ल्ड, पहिली आवृत्ती (१९७८): फ्लोचार्टसाठी घ्यावा असा खेळ

टीएसआर या अमेरिकी कंपनीने १९७८ मध्ये काढलेल्या गॅमा वर्ल्ड या रोल-प्लेइंग खेळाच्या (टेबलाभोवती बसून, फासे टाकत पात्रे वठवण्याच्या खेळाच्या) पहिल्या आवृत्तीची पीडीएफ आमच्या गटाने वर्गणी काढून विकत घेतली, तिची छापील प्रत नागपुरातच करून घेतली आणि गेल्या पावसाळ्यापासून आम्ही हा खेळ नियमित खेळत आहोत. महाविनाशानंतरचे जग, त्यातले म्यूटंट म्हणजे जन्मजात विचित्र बदल झालेले जीव, विस्मृतीत गेलेले तंत्रज्ञान आणि एकमेकांच्या जिवावर उठलेले पंथ ही त्याची चौकट. मला लिहायचे आहे ते मुख्यतः प्राचीनांची, म्हणजे विनाशापूर्वीच्या माणसांची, यंत्रे हाताळण्याच्या तीन फ्लोचार्टविषयी, म्हणजे बाणांनी जोडलेल्या चौकटींच्या तक्त्यांविषयी, कारण या खेळाचे निम्म्याहून अधिक मोल त्यांत आहे आणि आमची छापील प्रत नेमकी तिथेच दगा देऊन गेली.

पात्राला एखादी जुनी वस्तू सापडली, की गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, तिचे नाव सांगत नाही. ती दिसते कशी, एवढेच सांगतो. वस्तू जितकी गुंतागुंतीची, तितका अवघड तक्ता तिच्यासाठी निवडला जातो. खेळाडू दहा बाजूंचा फासा टाकत राहतो आणि गेम मास्टर त्याला बाणांवरून एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत नेतो. शेवटची चौकट गाठली तर वस्तूचा उपयोग उमगतो. वाटेत कवटीचे चिन्ह लागले तर वस्तू बिघडते किंवा हाताळणाऱ्याला इजा होते.

आमच्या गेम मास्टरने खेळ नागपूरच्या भूमीवर आणला आहे. मूळ संचात उत्तर अमेरिकेचा नकाशा आहे, तो त्याने बाजूला ठेवला. कोराडीच्या वीज केंद्राच्या अवशेषांत आमच्यातील अस्वल-म्यूटंटला एक वस्तू सापडली: वीतभर लांबीची, थंड, मधोमध किंचित फुगीर आणि एका टोकाला बोट टेकेल एवढा खोलगट ठसा असलेली. खेळाडूने ती कानाशी धरली, हुंगली, भिंतीवर हलकेच आपटून पाहिली आणि प्रत्येक कृतीनंतर फासा टाकला. वस्तू दिवा निघेल की हातबॉम्ब, हे टेबलाभोवतीच्या कोणालाच सांगता येत नव्हते, आणि शेजारी बसलेल्यांनी आपापली पात्रे दोन-दोन पावले मागे घेतली. अज्ञान खेळाडूच्या हातात प्रत्यक्ष ठेवणारा असा दुसरा नियम माझ्या पाहण्यात नाही.

नेमक्या त्याच वेळी छपाईने घात केला. छपाईवाल्याला स्पायरल बाइंडिंग सांगितले होते. त्याने पाने पाठपोट छापून कडेला डिंकाने चिकटवली होती. तक्त्याची डावी कड बांधणीत गेली आणि एका चौकटीतून निघणारा बाण पुढे कवटीकडे जातो की सुटकेकडे, हे दिसेना. खेळ थांबला आणि वाद पेटला. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो तेव्हा "साहेब, फाइलच तशी आली होती," असे उत्तर मिळाले. मोबाइलवर फाइल उघडून तोच बाण स्वच्छ दाखवला, तरी अर्धे पैसे भरल्याशिवाय पाने पुन्हा छापून मिळणार नाहीत, असे सांगण्यात आले. वर्गणीचा पैसा एकाच कामासाठी दोनदा देणे मला मान्य नव्हते. तीन तक्ते दुसरीकडे जाड कागदावर, एकाच बाजूला छापून लॅमिनेट करून घेतले. पहिल्या दुकानदाराने मागितलेल्या रकमेपेक्षा या कामाला कमीच खर्च आला.

उत्परिवर्तनांबाबत, म्हणजे म्यूटंट पात्रांना मिळणाऱ्या जन्मजात शक्तींबाबत, माझे मत मधल्या काळात बदलले. म्यूटंट मानवाला चार बाजूंचा फासा टाकून शारीरिक आणि मानसिक उत्परिवर्तने मिळतात आणि त्यांत दोषही येतात, त्यामुळे एकाच टेबलावर एक पात्र बलाढ्य आणि दुसरे दुबळे निघते. पहिल्या काही बैठकींत हा मला उघड अन्याय वाटला. दिवाळीच्या सुमारास चित्र वेगळे दिसू लागले, कारण अनोळखी यंत्र हाती आले की बळाचा उपयोग संपतो. ज्याच्या वाट्याला कोणतेही उत्परिवर्तन येत नाही तो शुद्ध वंशाचा मानवही या नियमांत निरुपयोगी नाही. त्याची सहनशक्ती अधिक असते आणि प्राचीनांचे यंत्रमानव त्याला माणूस म्हणून ओळखतात.

पंथांविषयी मात्र तक्रार कायम आहे. नाइट्स ऑफ जेनेटिक प्युरिटीला सगळे म्यूटंट मानव संपवायचे आहेत, आयर्न सोसायटीला शुद्ध मानव, आणि आर्काइव्हिस्ट प्राचीनांच्या वस्तूंची पूजा करतात. कल्पना उत्तम आहेत, पण प्रत्येकीला मिळाल्या आहेत जेमतेम काही ओळी. आमच्याकडे सीताबर्डीचा किल्ला नाइट्सच्या ताब्यात आहे आणि झिरो माइलचा वालुकाश्माचा खांब व त्याचे चार घोडे आर्काइव्हिस्टांचे पूजास्थान झाले आहे. हे सारे गेम मास्टरने स्वतः रचले. ज्यांना तयार कथानक हवे आहे, त्यांनी ५६ पानांच्या या पुस्तकाकडून ती अपेक्षा ठेवू नये.

एका मित्राकडे २०१० ची आवृत्ती आहे, तीही आम्ही खेळून पाहिली. नियम सुटसुटीत आहेत आणि पात्र झटपट तयार होते. पण तिथे उत्परिवर्तने आणि यंत्रे दोन्ही पत्त्यांवर येतात. पत्ता उचलताच यंत्राचे नाव आणि उपयोग समोर छापलेला असतो, म्हणजे ज्या क्षणासाठी मी हा खेळ खेळतो तो क्षणच उरत नाही. वर जादा पत्त्यांची पाकिटे वेगळी विकत घ्यावी लागत. एकदा पैसे मोजले की विषय संपला, असा हिशेब पाळणाऱ्या आमच्या गटाला ते परवडणारे नाही, आणि परवडले असते तरी मी जुनीच आवृत्ती निवडली असती.

घेणाऱ्यांनी एवढे करावे: पुस्तक कसेही छापा, पण फ्लोचार्टची पाने बांधणीत देऊ नका. डावीकडे दोन बोटे समास सोडायला लावा, दुकानातच प्रत्येक बाण बोटाने तपासा आणि मगच पैसे द्या.