गाडीचा आवाज कमी करायला गेलो आणि डांबर घेऊन आलो

आधी आकडा सांगतो. दुकानदाराला दिले 34,500. त्याने केलेलं निस्तरायला गेले 14,500. एकूण 49,000 रुपये घालवून माझ्या गाडीत काय आलं, तर पत्र्याच्या घराची गळती बंद करायची चिकटपट्टी.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. सतरा वर्षं झाली. दिवसभर कास्टिंग बघायचं, ब्लो होल, म्हणजे हवेने पडलेलं भोक, दिसलं की लाल खडू मारायचा. टेस्ट सर्टिफिकेट नसेल तर माल गेटातून आत घेत नाही मी. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे तुम्ही हसणार आहात. बायको, मेहुणा आणि अख्खी दुसरी शिफ्ट हसून झालेली आहे.

गाडी 2016 ची छोटी डिझेल. हौस म्हणून काही केलं नव्हतं, हे लक्षात घ्या. आई कानाला मशीन लावते. पुणे-बंगळुरू हायवेला 80 च्या पुढे गेलं की टायरची घरघर त्या मशीनमधून तिच्या डोक्यात जाते. साताऱ्यापर्यंत कशीबशी बसायची, मग मशीन काढून मांडीवर ठेवायची आणि पुढचा प्रवास मुकाट. म्हणून डॅम्पिंग, म्हणजे पत्र्याला आतून शीट चिकटवून त्याची थरथर मारायचं, ठरवलं.

महिनाभर वाचन केलं, व्हिडिओ बघितले. ब्युटाइल रबराचं शीट घ्यायचं, डांबराचं नाही, हे मला पाठ होतं. ब्युटाइल लवचिक राहतं, उन्हात ओघळत नाही. डांबराचं शीट थंडीत कडक होतं आणि तापलं की पाघळतं. वर ॲल्युमिनियमचा जाड पत्रा हवा, कारण रबर त्या पत्र्याच्या आणि दाराच्या मध्ये दाबलं-ताणलं जातं तेव्हाच थरथर मरते. हे सगळं मी दुकानात बसून त्या माणसाला ऐकवलं. तो मान डोलवत होता. 'पाहुणं, तुम्हाला तर आमच्यापेक्षा जास्त माहिती हाय,' म्हणाला. फुगलो मी! गिऱ्हाईक स्वतःच्या ज्ञानावर खूश झालं की त्याला कापणं सोपं जातं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

दुकानाचं नाव, रस्ता लिहीत नाही. वकील मित्राने लिहू नको म्हणून बजावलंय.

काउंटरवर दोन स्टीलच्या थाळ्या होत्या. एकीला चमच्याने मारलं, टण्ण. दुसरीला मागून शीट चिकटवलेलं, तिला मारलं, थप. एवढ्यावर माणसं पाकीट काढतात. मीही काढलं. आता घरी करून बघितलंय म्हणून सांगतो, थाळीला डांबर लावा, पीठ मळून थापा, जुनी सायकलची ट्यूब चिकटवा, आवाज थपच येतो. कुठलाही चिकट, जड थर पत्र्याची थरथर थोडी तरी मारतोच. एप्रिलच्या उन्हात तो छताला टिकेल का, हे थाळी सांगत नाही.

हिशोब असा झाला. 40 शीट, 620 रुपयांप्रमाणे 24,800. खालचा फोम 5,400. मजुरी 6,500. एकूण 36,700, घासाघीस करून 34,500. त्यातले 15,000 यूपीआयने ॲडव्हान्स. उरलेले 19,500 रोख, कारण तो म्हणाला, 'पक्कं बिल केलं तर जीएसटी लागंल, कशाला उगंच?' आणि मलाही तेव्हा ते पटलं. इथे माझी चूक आहे, कबूल. पण कोल्हापुरात ॲक्सेसरीजच्या दुकानात पक्कं बिल मागून घेणारा एक माणूस मला दाखवा.

आता तो क्षण. रोज रात्री आठवतो.

सकाळी साडेअकराची वेळ. मालक आत बघून ओरडला, 'चाळीस आण रे.' अठरा-एकोणीस वर्षांचं एक पोरगं माळ्याच्या लोखंडी शिडीवरून खाली उतरलं. दोन खोकी एकावर एक, डाव्या कवेत. उजव्या हातात मोबाईल, त्यावर रील चालू. एकदाही न थांबता, न वाकता ते खाली आलं आणि खोकी बाकड्यावर टाकली. धप्प असा आवाजसुद्धा नाही.

46 बाय 80 सेंटिमीटरचं, 2 मिलिमीटर जाडीचं खरं ब्युटाइल शीट मी नंतर काट्यावर ठेवून बघितलं. 1 किलो 100 ग्रॅम भरलं. चाळीस शीट म्हणजे 44 किलो. सिमेंटच्या पोत्यापेक्षा जरा कमी. सिमेंटचं पोतं काखेत मारून, शिडी उतरत, रील बघता येते का हो? मी रोज वजनं उचलतो. पाच किलोचं कास्टिंग हातात घेतल्याबरोबर दोनशे ग्रॅम कमी-जास्त सांगतो. आणि बॅगेत, पायाजवळ, माझा व्हर्नियर होता. 2 मिलिमीटर आहे की नाही, मोजायला दहा सेकंद लागले असते. बॅगेची चेन उघडायचीसुद्धा लाज वाटली, कारण चहा आला होता, आणि चहा पाजणाऱ्याच्या समोर व्हर्नियर काढणं बरं दिसत नाही असं वाटलं.

नंतर तो म्हणाला, 'दारं खोलायला येळ लागतो, तोवर मिसळ खाऊन या.' गेलो. तासाने परत आलो तर दोन दारं बंद करून झाली होती. पोरगं हॉट एअर गनने तिसऱ्या दारावर पट्टी दाबत होतं. रस्ता करताना येतो तसा वास सुटलेला. मी विचारलं, 'डांबरासारखा वास येतोय का?' तो म्हणाला, 'नव्या मालाला असतोय. दोन दिवसांत जातोय.' मी गप्प बसलो. महिनाभर अभ्यास करून ब्युटाइल आणि डांबरातला फरक पाठ केलेला माणूस, नाकाने डांबर हुंगून गप्प बसला.

गाडी देताना त्याने मोबाईलवर डेसिबलचं ॲप दाखवलं. आधी 74, नंतर 66. मी खूश. पहिलं माप घेताना एसीचा पंखा चारवर होता आणि काच बोटभर उघडी, हे मागून ध्यानात आलं. मी स्वतः काम करण्याच्या आधी तावडे हॉटेलपासून किणी टोलनाक्याकडे जाताना 80 च्या वेगाने मोजलं होतं, 71. कामानंतर त्याच रस्त्याला, त्याच वेगाने 70. मोजायचं असेल तर रस्ता तोच, वेग तोच, काचा बंद, पंखा बंद. दुसऱ्याच्या मोबाईलवरचं माप मानू नका.

काम झालं फेब्रुवारीत. एप्रिलमध्ये लगीनसराई. इचलकरंजीला जायचं होतं, गाडी दोन तास मांडवाबाहेर उन्हात. परत बसलो तर मागच्या बाजूला छताचं कापड पोटासारखं खाली आलेलं. आप्पामामा मागे बसले होते, पांढरी कडक टोपी घालून. घरी उतरले तर टोपीच्या टोकावर काळा चिकट डाग. मामांनी बोट लावलं, नाकाला नेलं आणि म्हणाले, 'डांबर हाय की रं.' सत्याऐंशी वर्षांच्या माणसाला एका बोटात कळलं.

उन्हात उभ्या गाडीचं छत हाताला चटका बसेल इतकं तापतं आणि साधं रस्त्याचं डांबर पन्नासेक अंशांतच मऊ पडायला लागतं. छताला डांबराचं शीट लावणं म्हणजे ते कधी पडतंय याची वाट बघत बसणं. छत सोडाच, दारालाही लावू नका.

मी दुकानात गेलो. कार्डावर 'लाइफटाइम वॉरंटी' छापलेलं. तो म्हणाला, छताचं काम वॉरंटीत येत नाही, ते 'कॉम्प्लिमेंटरी' होतं. म्हणजे ज्याचे पैसे मी दिले ते फुकट होतं!

जुलै उजाडला. पंचगंगेचं पाणी चढत होतं आणि माझ्या गाडीतही. ड्रायव्हरच्या पायाखाली ओल, कुबट वास. मॅट उचलून फोम दाबला तर भिजलेल्या पावासारखं पाणी बाहेर आलं. गादीत घालतात तो उघड्या छिद्रांचा स्पंज होता तो. गाडीत बंद छिद्रांचाच फोम लागतो, पाणी न पिणारा. ओळखायचं कसं? तुकडा घ्या, बादलीत बुडवून पिळा. पाणी निघालं तर परत द्या. आणि दाराच्या तळाला पाणी निथळायची भोकं असतात. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात जातंच, ते तिथून बाहेर पडतं. त्या पोराने चारही दारांची भोकं पट्टीने बुजवली होती. गाडी वळवली की दारात तांब्या हिंदकळल्यासारखा आवाज. आवाज कमी करायला गेलो होतो मी.

शेवटी उद्यमनगरात एका जुन्या टिंकरकडे गाडी दिली. त्याने बर्फाच्या लाद्या आणल्या, फोडून पिशव्यांत भरल्या, पट्ट्यांवर ठेवल्या. डांबर गारठलं की छिन्नीने टकाटक सुटतं. दोन दिवस. 6,000. छताचं कापड 4,800. तळाचा गंज घासून रंग, 3,700. निघालेल्या पट्ट्या मी पोत्यात भरून आणल्या. 30 सेंटिमीटर रुंदीच्या होत्या, शीट नव्हतीच. 14.7 चौरस मीटरचे पैसे घेतलेले, लावलं होतं जेमतेम साडेनऊ. जाडी, आता व्हर्नियर लावला, 1.2. वजन 13 किलो 400 ग्रॅम. तशीच पट्टी, तीच नक्षी, मला हार्डवेअरच्या दुकानात मिळाली. पाच मीटरचा रोल 850 रुपये. सात रोल, 5,950 रुपयांचं काम.

मग सुरू झाले हेलपाटे. पोलीस ठाण्यात गेलो. 'गाडी तुम्हीच नेली, पैसे तुम्हीच दिले, मग फसवणूक कुठली? दिवाणी बाब आहे.' मी पोत्यातून पट्टी काढून दाखवली. साहेबांनी ती वाकवून बघितली आणि विचारलं, 'पण आवाज कमी होतो का हो यानं?' शपथेवर सांगतो, हेच विचारलं. त्यांची स्वतःची गाडी डिझेल होती.

तिथून एका कार्यालयात. बिल न देता रोख घेतले अशी तक्रार द्यायची होती. पहिल्या दिवशी टेबलावरचे साहेब मीटिंगला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, अर्जासोबत बिलाची प्रत जोडा. म्हटलं, बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे. म्हणाले, बिलाशिवाय तक्रार कशी घेणार? मी हसलो, ते हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी आवक-जावकला अर्ज दिला, शिक्का मारून घेतला, त्यानंतर एक फोन नाही. तीन अर्ध्या रजा गेल्या, त्यांचा हिशोब वरच्या 49,000 मध्ये धरलेला नाही. व्यापाऱ्यांच्या एका संघटनेत गेलो तर तो सभासद नाही म्हणाले. मी जिना उतरेपर्यंत मात्र दुकानदाराचा मला फोन, 'पाहुणं, कशाला गावभर फिरताय?' सभासद नसलेल्या माणसाला इतक्या लवकर कसं कळलं? कर नियमित भरतो, गाडीची पीयूसी वेळेवर काढतो, हेल्मेट नाही म्हणून दंड झाला तर उभ्या उभ्या भरतो. आपली पाळी आली की मात्र बिलाची प्रत जोडा.

वकील मित्र ग्राहक आयोगात जायला सांगतोय. 2019 चा कायदा, घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करायची, 5 लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण पुरावा? यूपीआयचे 15,000 दिसतात, रोखीचे 19,500 हवेत विरले. जीएसटी वाचवायला गेलात तर सगळंच हवेत जातं. व्हॉट्सॲपवर निदान 'ब्युटाइल, 2 एमएम, 40 शीट' एवढं लिहून घ्या. मी सगळं फोनवर बोललो होतो.

शीटचा तुकडा आधी मागा. ताणून बघा, ब्युटाइल च्युइंगमसारखं लांबतं, डांबर तटकन तुटतं. तासभर फ्रीजरमध्ये ठेवून दुमडा, तडकलं तर डांबर. तुकडा द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून उठा. शीट लावताना समोर बसा, मिसळ नंतर खा. अख्खा पत्रा मढवा म्हणणाऱ्याचं ऐकू नका, प्रत्येक पत्र्याचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी थरथर बऱ्यापैकी मरते, बाकी त्याचा धंदा.

आणि हे सगळं करण्याआधी टायर आणि दारांची रबरं बघा. बायको पहिल्यापासून सांगत होती, 'मी म्हणत होतो न्हवं, आधी दारांची रबरं बघा.' ऐकलं नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, माझ्या टायरवर 2317 होतं, म्हणजे 2017 च्या 23व्या आठवड्यातला. लाकडासारखा कडक. रबरं बदलली, दोन टायर बदलले, दारांना फक्त 12 खरी शीट लावली, शीटचे 8,400 रुपये. आता आई सातारा ओलांडल्यावरही मशीन काढत नाही.

पोतं जिन्याखाली आहे, पुरावा म्हणून. ऊन पडलं की वास घरभर.

परवा त्या रस्त्याने गेलो. दुकान तेच, पाटी नवी. काउंटरवर एक जोडपं उभं होतं, आणि आतून, टण्ण... थप. मी गाडी आडवी लावली, उतरलो आणि त्या माणसाला म्हटलं, 'पैसे द्यायच्या आधी खोकं स्वतः उचलून बघा.' तो दोन पावलं मागे सरकला. मालकाने माझ्याकडे न बघताच चमचा खाली ठेवला आणि त्याला म्हणाला, 'चहा सांगू का, पाहुणं?'