खांद्यातून ‘पू’ काढणारा वैद्य आणि माझे ६८,१५० रुपये

आकडा शीर्षकातच टाकलाय, म्हणजे खाली लिहिताना कमी करून सांगायचा मोह होणार नाही. घरी आधी २०,००० सांगितले होते.

माझा उजवा खांदा आखडलाय. फ्रोझन शोल्डर. वय ५४, बाईमाणूस, नऊ वर्षांचा मधुमेह, म्हणजे या दुखण्याला लागतं ते सगळं माझ्यापाशी. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं, आकसतं. मग हात आपण उचलला तरी जात नाही आणि दुसऱ्याने धरून उचलला तरी जात नाही. ब्लाउजचे हूक, अंबाडा, वरच्या फळीवरचा डबा, सगळं बंद. हाडांच्या डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं होतं. एक्स-रेत काही नाही, साखर आवरा, व्यायाम सोडू नका, वर्ष-दोन वर्षं लागतील. फिजिओथेरपीला ४०० रुपयांप्रमाणे नऊ वेळा गेले, दहाव्या वेळी गेले नाही. दुखतं हो! रात्री दोनला कूस बदलताना ज्यांना कधी रडू फुटलं नाही, त्यांनी मला ‘शिकलेली असून?’ विचारू नये.

मंडईत पिशवी डाव्या हाताने उचलताना एका बाईने हटकलं. काठापदराची साडी, हातात मेथीची जुडी. “ताई, खांदा ना? आमच्या सासूबाईंचं अगदी असंच होतं.” पुढचं तुम्हाला पाठ आहे. सासूबाई ठणठणीत, वैद्य घरी येतात, नंबर तोंडपाठ. सासूच्या वैद्याचा नंबर कुठल्या सुनेला तोंडपाठ असतो? हे मला आत्ता सुचतंय.

हे गावी गेले होते. तो आला, तपासणीचे ५०० घेतले, खांद्यावर ब्लेडने बारीक चिरा दिल्या, त्यावर तांब्याची नळी लावून तोंडाने ओढायचा आणि वाटीत थुंकायचा. पिवळं, दाट. “हा पू. एका ओढीचे १,५००.” दर पहिली ओढ झाल्यावर सांगितला, आधी नाही. खांद्यातून रक्त येत असताना कुणी उठून जात नाही. मी ३८ मोजल्या, तो ४६ म्हणाला. ६९,००० चे ६०,००० करून घेतले आणि मला वाटलं, जिंकले. वर नऊ ग्रॅम भस्म, ८५० रुपये ग्रॅमने ७,६५०. ५०,००० फोनवरून गेले, बाकी रोख.

थेंबावर, ओढीवर, ग्रॅमवर दर सांगणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. आणि फ्रोझन शोल्डरमध्ये पू नसतो. सांध्यात खरंच पू झाला तर ताप भरतो, माणसाला तातडीने रुग्णालयात न्यावं लागतं, दिवाणखान्यात वाटी घेऊन बसवत नाहीत.

आता जे लिहिताना अजून कान तापतात ते. मी २८ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हळदीचा कागद करायचा, त्यावर चुन्याची निवळी टाकायची, पिवळ्याचं लाल होतं, पोरं “कुंकू, कुंकू” ओरडतात. दरवर्षी. त्याने वाटीतल्या पिवळ्यावर बाटलीतलं पाणी ओतलं, ते लाल झालं, आणि म्हणाला, “बघा मॅडम, विष जळालं.” मी मान डोलावली. मी! संध्याकाळी खांद्याखालचा पांढरा पंचा धुवायला घेतला. साबण लागताच पिवळे डाग लाल झाले आणि मी मोरीतच खाली बसले.

चौकीत हवालदार म्हणाले, “पैसे ऑनलाइन गेलेत ना, मग सायबरला जा.” सायबरवाले म्हणाले, “माणूस घरी आला होता ना, मग चौकीत जा.” बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. पालिकेच्या आरोग्य खात्यात तर कळस झाला. बोगस डॉक्टरांची तक्रार तिथे घेतात म्हणे, पण अर्जात डॉक्टरचा पत्ता हवा. अहो, पत्ता असता तर मी तुमच्याकडे कशाला आले असते? दोन जिने, तीन टेबलं, एक जेवणाची सुट्टी. परत चौकीत. तिथे माझा अर्ज घेतला, गुन्हा नाही नोंदवला, आणि पोच मागितली तर साहेब हसले. पोच घेतल्याशिवाय हलू नका. तिसऱ्या फेरीत एकाने समजावलं, “मॅडम, त्याने बळजबरी केली का? नाही ना.” म्हणजे गोड बोलून लुबाडलं तर ती फसवणूक नाही? मग फसवणूक कशाला म्हणतात, ते तरी चौकीत पाटी लावून सांगा!

भस्माने चार दिवस खांदा हलका वाटला, हेही खरं सांगते. पाचव्या दिवशी साखर ३४०. डॉक्टर म्हणाले, त्यात स्टिरॉईड मिसळलेलं असू शकतं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, काविळीच्या आणि एचआयव्हीच्या तपासण्या झाल्या, काही महिन्यांनी पुन्हा करायच्यात, कारण ती नळी आधी कुणाच्या खांद्यावर होती देव जाणे. त्यांचा खर्च वरच्या आकड्यात धरलेला नाही.

फिजिओथेरपी पुन्हा सुरू केली. भिंतीवर बोटं चढवत नेते, पोचतील तिथे पेन्सिलची खूण करते. तीन आठवड्यांत खूण चार बोटं वर सरकली आहे. उरलेलं भस्म ‘पुरावा म्हणून जपून ठेवा’ असं चौकीतून सांगितलंय, न्यायला अजून कुणी आलेलं नाही. पुडी वरच्या फळीवर आहे. डाव्या हाताने ठेवली.