बेळगावात टिळकवाडीतला बाळंतपणाचा क्लास आणि डुला सर्व्हिस, पहिलटकरणींनी नक्की जा

धाकट्या बहिणीसाठी लावला होता. ती निपाणीला दिलीय, पहिलं बाळंतपण म्हणून आमच्याकडे शहापूरला आली तेव्हा डोक्यात एकच, मला कळा नकोत, तारीख घेऊन सिझर करून टाका. तिचा काय दोष, डोहाळजेवणाला आलेल्या प्रत्येक बाईनं आपली नाहीतर जावेची काहीतरी भयंकर गोष्ट ऐकवलेली.

क्लास घेणाऱ्या ताई डुला आहेत, म्हणजे डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत, तपासणी करत नाहीत की औषध देत नाहीत, बाळंतिणीजवळ शेवटपर्यंत थांबायचं, धीर द्यायचा, कंबर दाबायची, कसं बसायचं ते सांगायचं हेच त्यांचं काम. सिझर करू नको असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, फक्त विचारलं, "कशाला घाबरूलालीस गं, नेमकं कशाला ते सांग." मग ही बोलतच सुटली, आणि त्यातलं निम्मं कळांचं नव्हतंच, आत एकटीला ठेवतात, ओरडतात, कोण काही सांगत नाही, ह्याचंच होतं.

सिझर एवढे का वाढलेत तेही नीट सांगितलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सरकारी दवाखान्यांत 14 टक्के आणि खाजगीत 47 टक्के बाळंतपणं सिझरची, एवढा फरक बायकांच्या शरीरामुळं कसा असेल? पण सगळं खापर त्या डॉक्टरांवर फोडत नाहीत. घरची माणसंच दोन तासात "अजून झालं नाही, करून टाका सिझर" म्हणून मागं लागतात, हेही त्यांनी आलेल्या नवऱ्यांसमोर आणि सासवांसमोर स्पष्ट सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये सांगितलंय की गर्भपिशवीचं तोंड 5 सेंटीमीटर उघडेपर्यंत वेळ लागणं नॉर्मल आहे आणि पुढंही तासाला 1 सेंटीमीटर झालंच पाहिजे असा नियम नाही, आई-बाळ ठीक असतील तर थांबता येतं. हे आधी माहीत असलं की घरचेही शांत राहतात.

बॅचमधल्या एकीची वार (प्लासेंटा) खाली, पिशवीच्या तोंडाशी होती, तिला सिझरच लागणार होतं. तिच्याशी ताई तेवढ्याच मायेनं वागल्या, टाके असताना बाळाला कुशीवर झोपून कसं पाजायचं ते उशी घेऊन दाखवलं. माझा विश्वास तिथंच बसला, कारण नॉर्मलची गॅरंटी देणारे पण लोक आहेत.

बहिणीला कळा आल्या तेव्हा ताईंनी तिला बेडवर न झोपवता कॉटच्या कडेला वाकून उभं केलं आणि दोन्ही तळहातांनी कमरेची हाडं बाजूनं आत दाबून धरली, कळ ओसरेपर्यंत, मग मला तेच करायला लावलं. रात्रभर आलटून पालटून. सकाळी नॉर्मल झाली, मुलगी.

एकच त्रास, दवाखान्यात शेवटी "एकच नातेवाईक" म्हणून ताईंना बाहेर काढलं. केंद्र सरकारनं 2016 मध्येच सरकारी दवाखान्यात सोबतीला एक बाई ठेवायला सांगितलंय, खाजगीत मात्र ज्याचा त्याचा नियम. म्हणून नाव घालतानाच डॉक्टरांना विचारून घ्या, डुला आणि घरचं माणूस दोघं चालतील का.

फी सगळ्यांना परवडेल अशी नाही, नुसता क्लास केला तरी चालतो. मराठी-कन्नड दोन्हीत शिकवतात. सातव्या महिन्याच्या आधी जा, आणि सासूबाईंना सोबत न्याच.