जँगोचं डॉक्युमेंटेशन आपोआप: स्फिंक्स, एमकेडॉक्स की स्पेक्टॅक्युलर?

कोडमधून आपोआप डॉक्युमेंटेशन काढणाऱ्या टूलची फीचर्स बघण्याआधी एक गोष्ट तपासा: ते तुमचा कोड नुसता वाचतं, की चालवतं? जँगोच्या (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) प्रोजेक्टात पुढची निम्मी डोकेदुखी यावरच ठरते.

स्फिंक्सचं ऑटोडॉक हे एक्स्टेन्शन कोड चालवतं. म्हणजे प्रत्येक मॉड्यूल खरोखर इम्पोर्ट करतं आणि मग डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेलं वर्णन) उचलतं. त्यामुळे त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये जँगोचा सेटअप आधी करून द्यावा लागतो. नाहीतर 'अ‍ॅप्स अजून लोड झालेली नाहीत' म्हणत बिल्ड पहिल्याच मॉडेलवर (डेटाबेसच्या टेबलाचं वर्णन करणारा क्लास) आडवा होतो. आमच्याकडे हे सगळं करूनही सीआयवर (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड करणारी यंत्रणा) बिल्ड पडायचा. शोधलं तर एका युटिलिटी फाइलमध्ये, कुठल्याही फंक्शनच्या बाहेर, कराचे दर डेटाबेसमधून आणणारी एक ओळ होती. माझीच. सीआयच्या मशिनवर डेटाबेसच नव्हता. (घाण उघडी पडली हे बरंच झालं, पण शुक्रवारी संध्याकाळी पडायला नको होती.)

मॉडेल्सची आणखी निराळी गंमत. ऑटोडॉकने काढलेलं पान उघडा, प्रत्येक साध्या फील्डखाली जँगोच्या पोटातलं एकच इंग्रजी वाक्य दिसतं, डिफर्ड लोडिंगबद्दलचं (लागेल तेव्हाच डेटा आणणं). ग्राहकाच्या नावाखाली तेच, पिनकोडखालीही तेच. स्फिंक्सकॉन्ट्रिब-जँगो हे एक्स्टेन्शन घातलं की हा प्रकार थांबतो.

एवढं सोसून मिळतं काय? इंटरस्फिंक्समुळे तुमच्या पानावरून थेट पायथन किंवा जँगोच्या डॉक्सला लिंक जाते, आणि क्लायंटला हवी असेल तर पीडीएफ निघते. डॉकस्ट्रिंगमध्ये मराठी असेल तर पीडीएफसाठी झीलाटेक इंजिन आणि देवनागरी फॉन्ट सांगावा लागतो, तो विसरू नका. आणि जँगोचे स्वतःचे डॉक्स स्फिंक्सवर आहेत म्हणून भुलू नका. ते ऑटोडॉकने काढलेले नाहीत, माणसांनी बसून लिहिलेले आहेत.

एमकेडॉक्स आणि एमकेडॉकस्ट्रिंग्ज ही जोडी पायथन कोड वाचते. आत ग्रिफ नावाची लायब्ररी फाइल पार्स करते, त्यामुळे सेटिंग्ज नकोत, डेटाबेस नको. मजकूर मार्कडाऊनमध्ये, म्हणजे टीममधला कोणीही कुरकुर न करता लिहितो. तोटा असा, की जे जँगो रनटाइमला (कोड चालताना) बनवतं, उदाहरणार्थ फॉरेन कीमागची उलटी नाती, ते इथे येत नाही. नवीन माणसाला सर्व्हिस लेयर (मुख्य कामकाजाचा कोड) कळावा एवढंच हवं असेल, तर मी डोळे झाकून हेच घेईन.

पण आधी विचारा, वाचणार कोण? फ्रंटएंड किंवा मोबाइलवाले वाचणार असतील, तर त्यांना तुमच्या क्लासेसशी देणंघेणं नाही. त्यांना एंडपॉइंट (एपीआयचे पत्ते) हवेत. जँगो रेस्ट फ्रेमवर्क (डीआरएफ, एपीआय बनवायची लायब्ररी) वापरत असाल तर डीआरएफ-स्पेक्टॅक्युलर लावा. जुन्या रेपोंत डीआरएफ-यास्ग दिसतं, पण ते ओपनएपीआय (एपीआयचं वर्णन लिहायचं मानक) 2.0 वरच थांबलंय. स्पेक्टॅक्युलर 3 ची स्कीमा (एपीआयचा आराखडा) देतं, वर ती ब्राउझरमध्ये दाखवणारं स्वॅगरचं पान.

इथेही एक खड्डा आहे. आमच्या सीरियलायझरमध्ये (डेटा एपीआयच्या उत्तरात बदलणारा क्लास) शिल्लक रक्कम काढणारं एक मेथड फील्ड होतं, रिटर्न टाइप न लिहिलेलं. असं फील्ड दिसलं की स्पेक्टॅक्युलर इशारा देतं आणि त्याला स्ट्रिंग (मजकूर) धरून पुढे जातं. लॉगमधला तो इशारा कोणी वाचला नाही. फ्रंटएंडवाल्याने स्कीमावरून टाइप बनवले आणि आकड्याची स्ट्रिंग का होते म्हणून दिवसभर डोकं धरून बसला. तेव्हापासून सीआयमध्ये फेल-ऑन-वॉर्न हा पर्याय चालू आहे. इशारा आला की बिल्ड पाडायचा.

दोन्ही प्रकारचे वाचक असतील तर आधी स्पेक्टॅक्युलर, सवडीने एमकेडॉक्स. पीडीएफ द्यायचीच असेल तरच स्फिंक्सच्या वाटेला जा.

राहिला एआयकडून डॉकस्ट्रिंग लिहून घेण्याचा मार्ग. सवलत काढणाऱ्या फंक्शनवर मी तो करून पाहिला. पॅरामीटर आणि रिटर्न टाइप झकास लिहिले, वर 'सवलतीची रक्कम काढते' हेही. पण जुन्या ग्राहकांची सवलत कर लावल्यानंतर का वजा होते, हे कोडमध्ये कुठेच नव्हतं. ते अकाउंट्सच्या मॅडमना विचारलं, आणि ती ओळ हाताने टाकली.