हातोडा पडण्याआधी जावक क्रमांक विचारा

इंदुरात एलआयजी किंवा सुखलियाकडच्या जुन्या वसाहतींत कुणी बाल्कनी बंद करायचं किंवा स्वयंपाकघर वाढवायचं चार जणांत बोललं, की आठवड्याभरात एक गृहस्थ दारात हजर होतात. मराठी घर असेल तर मराठीतच बोलतात. "काका, आपल्याच माणसाला फसवून मी राजवाड्यावर तोंड कसं दाखवू? अपना आदमी अंदर बैठा है, पंधरा दिवसांत परवानगी हातात." पंधरा दिवसांत कागद खरंच येतो. गोची त्या कागदातच असते.

भाडाक्रयचं, म्हणजे हप्त्यांनी घेतलेलं घर शेवटचा हप्ता फिटून नोंदणी होईपर्यंत आपल्या मालकीचं नसतं. म्हणून भिंत हलवायला दोन वेगळ्या होकारांची गरज पडते. एक, घराच्या मालकाची, म्हणजे गृहनिर्माण मंडळाची अनापत्ति (आपण घरात ना हरकत म्हणतो, तिथल्या कागदावर अनापत्तिच असतं). दुसरी, महापालिकेची बांधकाम परवानगी. एक मिळाली म्हणून दुसरी मिळाली असं होत नाही. दलालाचा सगळा धंदा या दोहोंच्या फटीत चालतो: पैसे दोन्हींचे घेतो आणि दाखवतो तिसरंच काहीतरी.

ते तिसरं बहुतेक वेळा असं असतं. स्टॅम्प पेपर, त्यावर नोटरीचं लाल सील, खाली हिरव्या शाईची सही. लोक सील बघतात, मजकूर वाचत नाहीत. वाचला तर पहिलीच ओळ "मैं शपथपूर्वक कथन करता हूँ" अशी निघते. म्हणजे ते अर्जदाराचं स्वतःचंच शपथपत्र, घराच्या मूळ ढाच्याला हात लावणार नाही असं लिहून दिलेलं. परवानगी म्हणून विकत घेतलेला कागद पुढे आपल्याच विरुद्ध पुरावा ठरतो! नोटरी फक्त सही कुणाची ते सांगतो. घर फोडायची मुभा देणं त्याच्या हातात नाही.

हुशार ठग यापुढे जाऊन लेटरहेडवरचं बनावट पत्र आणतो. त्यात जावक क्रमांक आणि तारीख शोधा. नसली तर विषय संपला. असली तर तो क्रमांक घेऊन स्वतः आवक-जावक शाखेत जा आणि नोंदवहीत त्या तारखेला त्या क्रमांकापुढे आपलं नाव आहे का ते बघा. बाबूंनी टोलवलं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. सोबतचा नकाशाही बोलतो. बांधकाम नकाशात जुनं काम काळं, पाडायचं पिवळं आणि नवीन लाल दाखवायची रीत आहे. शेजाऱ्याच्या नकाशाची झेरॉक्स मारून नाव बदललेलं असेल तर सगळंच काळं येतं.

पैशाचं एकच बघा. क्यूआर स्कॅन केल्यावर रक्कम टाकण्याआधी खातेदाराचं नाव येतं. तिथे कार्यालयाऐवजी एखाद्या माणसाचं नाव आलं तर ते शुल्क नव्हे. आणि मूळ वाटपपत्र "नस्तीला लावायचंय" म्हणून कुणी मागितलं तर द्यायचं नाही, छायाप्रतच द्यायची. मूळ कागद एकदा त्याच्याकडे गेला की तो सोडवायला पुन्हा पैसे मोजावे लागतात.

मग दलाल काम उरकायची घाई करतो. शनिवार-रविवार कार्यालय बंद, दोन दिवसांत मिस्त्री भिंत पाडून मोकळा. खरं नुकसान इथे होतं. जुन्या तीन मजली इमारती बऱ्याचदा बीम-कॉलमवर उभ्या नसतात, विटांच्या भिंतींवरच असतात. साडेचार इंची भिंत सहसा नुसतं पार्टिशन असते. नऊ इंची दिसली की वरचा स्लॅब तिच्यावर टेकलेला आहे असंच धरून चाला. ती फोडली की तडे आधी वरच्या मजल्यावरच्यांच्या दाराच्या कोपऱ्यांत तिरपे दिसतात. बाल्कनीचं तर उलटंच. साडेचार इंची विटांची दहा फूट लांब, दहा फूट उंच भिंत जवळपास दोन टन भरते, आणि बाल्कनीचा स्लॅब एकाच बाजूने धरलेला असतो. त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, म्हणजे फरशी बसवायला मिस्त्री वरून छिन्नी मारतो तेव्हा नेमकी तीच उघडी पडते. बंदच करायची असेल तर ॲल्युमिनियमची सरकती खिडकी लावा, तीही परवानगीनेच.

पंधरवड्याने दुसरा माणूस येतो, हातात नोटीस. "कंपाउंडिंग करून देतो." हा बहुधा पहिल्याचाच जोडीदार. कंपाउंडिंग, म्हणजे दंड भरून बांधकाम नियमित करून घेणं, ही पालिकेची बाब आहे, तिने मालकाची संमती मिळत नाही. ढाच्यात बदल केला तर वाटप रद्द होण्याची अट आपल्याच वाटपपत्रात असते, एकदा काढून वाचा.

सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांनी तर दलालाला दारातच उभं करू नये. तिथे काम विभागच करतो, आपण लेखी मागणी द्यायची.

पैसे गेलेच असतील तर ऑनलाइन दिलेल्यांसाठी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. बनावट कागदाची पोलिसांत लेखी तक्रार द्या, फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं 318 आहे. कार्यालय दाद देत नसेल तर 181, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइन. "साहेबांसाठी" म्हणून रोख दिली असेल तर जास्त सांभाळून. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली झालेल्या बदलानंतर लाच देणाराही दोषी ठरतो. दडपणाखाली द्यावी लागली असेल तर 7 दिवसांच्या आत तक्रार केल्यास सूट आहे. आठव्या दिवशी लोकायुक्तांच्या मोती बंगल्यातल्या कार्यालयात गेलात तर त्या सुटीचा आधार उरत नाही.

भिंत अर्धी फुटलेली असेल तर ढिगारा उचलण्याआधी फोटो काढा, स्लॅबखाली लोखंडी टेकू लावून घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. टेकू दलाल आणून देत असेल तर नको म्हणा.